गाडी-दुरुस्ती : तुमचे प्रश्न

प्रश्न : २०११ ची फॉर्च्युनर ३.० डिझेल, २,१०,००० किमी. सकाळी खडखड आवाज, पांढरा धूर. मेकॅनिक चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) बदला म्हणतो. (एक वाचक, सातारा)

उत्तर : घाई नको. आधी गरम इंजिनवर, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू), स्कॅनरने प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू, म्हणजे त्याचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा, बघायला सांगा. ±३ च्या आत असेल तर तो इंजेक्टर बहुधा ठीक असतो. मग संशय त्याच्या खालच्या तांब्याच्या सीलवर. सील गळलं की जळालेला वायू रॉकर कव्हरमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) शिरतो, काजळीने ऑइल घट्ट होतं आणि संपमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) ऑइल गाळणारी जाळी चोंदते. ऑइलचं प्रेशर पडलं की टर्बो आणि बेअरिंग कोरडी पडतात. खरा खर्च तिथे. म्हणून सील बदलताना संप उतरवून जाळी पाहाच. सीलची किंमत शेकड्यांत, इंजेक्टरची हजारांत, इंजिनाची लाखांत! जुनं सील परत बसवू देऊ नका. इंजेक्टर बदललाच तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. गल्लीतल्या गॅरेजात हे हमखास राहतं.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) कधी बदलला? नोंद नसेल तर टेन्शनर-आयडलरसह (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलींसह) आत्ताच बदला. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि ते दाबणारे रॉकर मोडतात.

प्रश्न : ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं.

उत्तर : पुढच्या डिस्क वाकड्या झाल्या असाव्यात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर घासूनही तेवढी उरत असेल तर घासा, नाहीतर जोडीने बदला.