रोबो चौदा, लढाई मात्र एकही पुरी नाही

प्रश्न: मी देवगड तालुक्यात राहतो. बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. बाबांचं बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. गेली दोन वर्षं मी गोडोटमध्ये (गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) एकट्याने मेका गेम बनवतोय, म्हणजे आत पायलट बसून चालवतो त्या अवाढव्य रोबोंची लढाई. 'हॉकन' नावाचा असा एक गेम होता. मला कळला तोवर तो बंद पडला होता, मी फक्त व्हिडिओ पाहिले. एवढा चांगला गेम वाया गेला हे मनाला लागलंय. माझे १४ रोबो तयार आहेत, ६ मॅप अर्धे झालेत, शेवटी १२ जणांचा ऑनलाईन मोड टाकायचाय. मित्र खेळतात, 'भारी दिसतंय' म्हणतात आणि दहा मिनिटांत ठेवून देतात. बाबा म्हणतात, 'खेळान पोट भरतला काय?' त्यांना मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं असं वाटतं. मला गेम डिझाईनच करायचंय. शहरातल्या एका खासगी संस्थेचा कोर्स पाहिलाय, पण त्यासाठी कर्ज काढावं लागेल. सवा लाखाचा गेमिंग लॅपटॉपही हवा. काय करू? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर: तुझं मूळ पत्र याच्या चौपट आहे आणि त्यातला निम्मा भाग हॉकनवर आहे. तोच मी सगळ्यात लक्षपूर्वक वाचला. तू लिहिलंयस, 'रोबो वळताना आधी धड वळलं पाहिजे, पाय मागून आले पाहिजेत, तरच तो जड वाटतो.' पुढे लिहिलंयस, 'नवा खेळाडू आणि मुरलेला खेळाडू एकाच सामन्यात आले की नवा परत येत नाही.' गेम आवडला की नाही हे कुणीही सांगतं. का आवडला आणि नेमका कुठे कमी पडला, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी मुलं मला फार थोडी भेटतात. डिझायनरला पगार मिळतो तो याच नजरेचा. ती तुझ्याकडे आहे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

पण हॉकनकडे पाहताना जी नजर चालते, ती तुझ्या स्वतःच्या गेमवर तू अजून लावलेली नाहीस.

हॉकनचं काय झालं ते आधी नीट पाहू. लॉस एंजेलिसमधल्या अगदी छोट्या टीमने तो सुरू केला. २०११ मध्ये त्यांचा व्हिडिओ आला आणि एवढ्याशा टीमचं काम इतकं देखणं कसं, म्हणून जगभर त्याची चर्चा झाली. १२ डिसेंबर २०१२ ला तो सगळ्यांना फुकट खेळायला खुला झाला. लढाईत दम होता. बूस्टरला इंधन मोजून, शस्त्र जास्त चालवलं की तापून बंद, कोपऱ्यात लपून स्वतःची दुरुस्ती करायची तर तेवढा वेळ उघडं पडायचं. प्रत्येक सोयीची किंमत खेळाडूला मोजावी लागत होती. मेका गेमची खरी गंमत यातच आहे.

मग बुडाला कुठे? तो पूर्णपणे सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना नेटवरून जोडणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर, आणि गर्दीवर अवलंबून होता. फुकट गेम चालतो तो हजारो माणसं रोज आली आणि त्यातल्या थोड्यांनी आत पैसे खर्च केले तर. खेळाडू ओसरले, नवं काही येईनासं झालं, २०१५ मध्ये गेम दुसऱ्या कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर) आला आणि जानेवारी २०१८ मध्ये कॉम्प्युटरवरचे सर्व्हर बंद झाले. त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर तो गेम कुणालाच खेळता येईना. सर्व्हरशिवाय एकट्याने बसून खेळायला त्यात काही ठेवलेलंच नव्हतं. २०२३ मध्ये त्याच नावाने एकट्याने खेळायची आवृत्ती आली, पण जुन्या चाहत्यांना ती रुचली नाही.

आता तुझी यादी बघ. १२ जणांचा ऑनलाईन मोड. जे हॉकनला पेललं नाही, तेच तू एकट्याने, बारावीचं वर्ष सांभाळून, गावच्या नेटवर करायला निघालायस. तो मोड आजच यादीतून काढून टाक. 'नंतर बघू' म्हणून बाजूलाही ठेवू नकोस, कारण ठेवलास तर प्रत्येक ओळ लिहिताना तो डोक्यात राहील.

याच प्रकारातलं दुसरं उदाहरण तुला ठाऊक असेल, 'इन टू द ब्रीच'. २०१८ चा गेम, सबसेट गेम्सचा, मुख्य काम दोघांचं. ८ गुणिले ८ चौकटींचा पट, तुझ्याकडे ३ रोबो, आणि शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार हे आधीच दिसतं. बस. ना भव्य शहरं, ना कॉकपिटची झगमग. तरी डोकं तासन्‌तास गुंतून राहतं, कारण प्रत्येक चालीत काहीतरी सोडून द्यावं लागतं. आपल्याला काय जमणार नाही हे त्या दोघांनी आधी ठरवलं आणि उरलेलं घासून पुसून लखलखीत केलं. जवळचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. क्राउडफंडिंग (लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करणं) फसल्यावरही त्या टीमने तो पुरा केला. चित्रं आणि वास्तू समीक्षकांनी वाखाणल्या, लढाईवर मात्र बोट ठेवलं. टीमने मनावर घेतलं आणि २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आणली. आधी पुरा केला म्हणून तो सुधारता तरी आला.

तुझे मित्र दहा मिनिटांत का उठतात याचं उत्तर तू पाठवलेल्या व्हिडिओत आहे. रोबो सुंदर आहेत, त्यांच्या सांध्यांवरचा गंज तर मी थांबवून पाहिला. पण पाऊल पडतं तेव्हा जमीन दबत नाही, कॅमेरा हलत नाही, आणि चालीचा वेग व पायांचा वेग जुळत नसल्यामुळे पाय घसरतो. गोळी लागली तरी समोरचा ढिम्म, फक्त वरची पट्टी थोडी कमी होते. तू दशावतार पाहत मोठा झालायस. तिथल्या युद्धात तलवार अंगाला लागत नाही, तरी आपण दचकतो, कारण नट पवित्रा घेऊन क्षणभर थांबतो आणि घावासरशी मृदंग आणि झांज एकदम कडाडते. तो थांबा आणि तो आवाज हाच घाव असतो. गेममध्येही तेच करायचंय. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. जबर फटका बसला की दोन्ही रोबो ४-५ फ्रेम जागच्या जागी थिजव, मग मार खाणाऱ्याला मागे ढकल, कॅमेऱ्याला हलका झटका दे आणि आवाज त्याच फ्रेमवर सोड. एका रविवारचं काम आहे. करून बघ आणि त्याच मित्रांच्या हातात पुन्हा दे.

आवाजासाठी तर तुला नेटवर शोधायचीही गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हे तूच लिहिलंयस. थंड डिझेल इंजिन सुरू होतानाची धडधड, गिअर पडतानाचा ठोका, ट्रॉलरच्या विंचवर ताण आल्यावरची कुरकुर, सगळं मोबाईलवर रेकॉर्ड कर. तुझ्या रोबोला असा आवाज मिळाला तर तो दुसऱ्या कुणाच्याच गेमसारखा वाटणार नाही. आणि हे बाबांना विचारून कर. कुठलं इंजिन कसं आजारी पडलं की कसं बोलतं, हे त्यांच्याइतकं तुला कोण सांगणार? रोबोला तीस टक्के मार बसल्यावर इंजिन कसं वाजावं, हा त्यांच्यासाठी फार सोपा प्रश्न आहे.

मग गेम केवढा करायचा? १४ पैकी २ रोबो, १ मैदान, २ शस्त्रं. एकट्याने कॉम्प्युटरशी, किंवा एकाच कीबोर्डवर दोघांनी. सामना तीन मिनिटांचा. सुरुवातीचा मेनू, आवाज कमीजास्त करायची सोय, हरल्या-जिंकल्याचा पडदा, सगळं धरून पुरा. उरलेले १२ रोबो फोल्डरमध्ये राहू देत, ते वाया गेलेले नाहीत. गणपतीला मुंबईहून तुझी चाकरमानी भावंडं येतीलच. त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेव आणि तू मागे बस. एक अक्षर बोलायचं नाही. कुठे अडकतात, कुठलं बटण उगाच दाबतात, कुठे हसतात, आणि कधी उठून आरतीला जातात तेही वहीत लिही. 'कसा वाटला' असं विचारू नकोस, पाहुणे चांगलंच म्हणतात. त्यानंतर इच.आयओ या छोट्या गेमांच्या साइटवर टाक, तिथे पैसे लागत नाहीत. स्टीम या गेमांच्या मोठ्या ऑनलाईन दुकानाला एका गेमचे १०० डॉलर भरावे लागतात, तिथे इतक्यात जायची घाई नको. शिवाय स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करून पैसे मागता येतात, म्हणजे पहिली दहा मिनिटं पकडत नसतील तर विक्रीही टिकत नाही.

बारावीच्या अभ्यासातून वेळ काढायचा तर एवढाच गेम झेपेल. आणि अभ्यास आणि गेम तुला वाटतात तितके वेगळे नाहीत. शत्रू रोबोच्या धडासमोर आहे की पाठीमागे, हे कोडमध्ये कसं काढतोस? धडाची दिशा आणि शत्रूकडे जाणारी दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट. धन आला तर समोर, ऋण आला तर मागे. तो धडा तुझ्या गणिताच्या पुस्तकात आहे, त्याला सोडचिठ्ठी देऊ नकोस.

आता शिक्षण. कर्ज काढून खासगी कोर्सला जाऊ नकोस, निदान बारावीनंतर लगेच तरी नको. त्या संस्थेला दोनच गोष्टी विचार: शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठला गेम बाजारात आणलाय, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी पुरे केलेले गेम कुठे खेळायला मिळतील. उत्तरादाखल नुसती माहितीपुस्तिका हातात आली तर समजून जा.

बाबांचं म्हणणं मला पटतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग तुझ्या वाटेतली धोंड नाही. गेमप्ले प्रोग्रॅमरला हेच सगळं लागतं, आणि लढाईचा पोत जमवणारा माणूस कोड लिहिणारा असला तर त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. सीईटी दे. रत्नागिरीचं फिनोलेक्स, लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, कणकवली-सावंतवाडीची कॉलेजं, सगळी कोकणातच आहेत. खर्च आवाक्यात ठेव आणि वाचलेला वेळ गेमला दे. जोडीला यूसीड ही डिझाईनची प्रवेशपरीक्षा देच. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, परीक्षा जानेवारीत असते, कुठल्याही शाखेच्या बारावीच्या मुलांना देता येते. त्यातून आयआयटींमध्ये चार वर्षांच्या बी.डेस.ला (डिझाईनच्या पदवीला) प्रवेश मिळतो. एक भाग कॉम्प्युटरवर, एक भाग हाताने चित्र काढायचा. तुझे रोबो पाहता चित्राची मला काळजी नाही. जागा थोड्या आहेत, म्हणून सगळी मदार त्यावर ठेवू नकोस. पुढे पदवीनंतर एनआयडीत (राष्ट्रीय डिझाईन संस्थेत) डिजिटल गेम डिझाईनचा एम.डेस. आहे, तो दरवाजा इंजिनिअरिंग करूनही उघडा राहतो.

नोकरीबद्दल खरं सांगते. पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत, युबिसॉफ्टसारखी परदेशी कंपनीही तिथे आहे, पण आपल्याकडचं पुष्कळ काम मोबाईल गेमचं आणि बाहेरच्या गेमसाठी मॉडेल करून द्यायचं आहे. पहिल्याच दिवशी डिझायनर म्हणून कुणी घेत नाही. २०२३-२४ मध्ये जगभर या धंद्यात मोठी कर्मचारीकपात झाली. म्हणून मी कोड शिक म्हणते. तो इतरत्रही चालतो.

बाबांच्या प्रश्नालाही उत्तर देते, हे त्यांना वाचून दाखव. दादा, तुम्ही पैसे लावायच्या गेमच्या बातम्या ऐकल्या असतील. तसे ऑनलाईन गेम २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद केलेत आणि ते योग्यच झालं. तुमचा मुलगा ते करत नाही. तो यंत्र बनवतोय, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. त्याने इंजिनिअरिंग करावं ही तुमची इच्छा मी उचलून धरलीय. तुम्ही त्याला रोज रात्री एक तास मोकळा द्या आणि जून-जुलैत वर्कशॉपवर बोलावलंत तर आवाज रेकॉर्ड करायची मुभा द्या.

राहिला लॅपटॉप. सवा लाखाचा नको. ८ जीबी रॅमच्या तुझ्या आत्ताच्या मशीनवर गोडोट चालतंय, रोबोंची मॉडेल बनवायचं ब्लेंडरही रडतखडत का होईना चालतंय, आणि जो गेम त्यावर सुरळीत पळेल तो तुझ्या गावातल्या कुणाच्याही मशीनवर पळेल. खर्च करायचाच तर आधी इन्व्हर्टरवर कर. पावसात लाईट गेली आणि सेव्ह न केलेलं काम उडालं, असं पत्रात दोनदा आलंय. आणि गिट (कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायचं आणि त्याची प्रत नेटवर जपायला उपयोगी पडणारं साधन) शिकून घे, या आठवड्यातच. दोन वर्षांचं काम सध्या एकाच हार्ड डिस्कवर आहे, तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत.