शेततळ्यात प्रोबायोटिक-एन्झाईम किती टाकायचं, आणि सोबत गूळ टाकायचा का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते असं: ३०×३०×३ मीटरचं शेततळं, पाणी सध्या दीड मीटर, रोहू-कटला-मृगळच्या २,००० बोटुकल्या सोडलेल्या, पाणी हिरवंगार, तळाला काळा वासाचा गाळ, पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. दुकानदार म्हणतो, प्रोबायोटिकचा (गाळ खाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या भुकटीचा) ५०० ग्रॅमचा पुडा गुळात कालवून टाका.

आज टाकू नका. पहाटे मासे वर येतात म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला आहे, आणि गाळ खाणारे जिवाणू तोच ऑक्सिजन घेतात. काठाचा उतार १:१ धरला, म्हणजे तळ २४×२४ मीटर, तर तुमच्या तळ्यात आज साधारण ९७७ घनमीटर पाणी आहे. लिटरला ५ मिलिग्रॅम धरला तरी सगळ्या तळ्यात मिळून ऑक्सिजन ५ किलोच्या आतच. माशांच्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया जिवाणू गूळ खाताना ओढून घेतात; लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनिया असा काढायचा तर जवळपास २० किलो गूळ लागतो, आणि तो पचवायला जिवाणूंना या ५ किलोच्या दुपटीहून जास्त ऑक्सिजन लागतो. गुळाने मासे मरतात ते असे. एअरेटर (पाण्यात हवा घालणारं यंत्र) नसेल तर गूळ थेट तळ्यात नकोच.

आधी तीन दिवस ढेप-कोंड्याचं खाद्य बंद. पहाटे ३ ते ७ विहिरीचं पाणी सोडा, पण पाइपाच्या तोंडाशी फळी लावून आपटत पडू द्या. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमीच असतो. आणि मासे कमी करा. दीड मीटरला पाण्याचा पृष्ठभाग ७२९ चौरस मीटर भरतो. हवेची सोय नसताना हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्या धरतात, म्हणजे तुमच्याकडे ३५० ते ७००. दोन हजारांचा घाण-पसारा कुठल्याच पुड्याने आवरत नाही.

आता पुडा. त्यावर जिवाणूंची नावं आणि ग्रॅममागे संख्या छापलेली नसेल तर परत करा. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस ही नावं पाहिजेत; हे बीजाणू (कठीण कवचाचं झोपी गेलेलं रूप) धरतात, म्हणून कोरड्या भुकटीत टिकतात. अमोनिया पचवणारे म्हणून विकले जाणारे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर बीजाणू धरत नाहीत, त्यामुळे एप्रिल-मेभर दुकानाच्या टिनाखाली तापलेल्या भुकटीतून त्यांची आशा धरू नका. ते गुळावर वाढतही नाहीत.

ग्रॅमला १०० कोटी जिवाणू असले तरी ५०० ग्रॅमचा पुडा तुमच्या तळ्यात पसरल्यावर मिलिलिटरला जेमतेम ५०० पडतात. म्हणून ड्रममध्ये वाढवून घ्यायचे. २०० लिटरच्या ड्रमात १५० लिटर विहिरीचं पाणी (क्लोरिनचं नळाचं नको), ३ किलो गूळ, २ किलो धानाचा कोंडा उकळून गार करून फडक्याच्या पोटलीत, आणि २५० ग्रॅम भुकटी. मत्स्यटाकीचा हवेचा पंप लावून २४ तास सावलीत ठेवा. फेस वर येतो, म्हणून ड्रम काठोकाठ भरू नका. आंबूस-गोड वास आला तर ठीक. सडक्या अंड्याचा आला तर पंप बंद पडला होता असं समजा आणि ते पाणी शेणखताच्या खड्ड्यात ओता.

मासे पहाटे वर येणं थांबल्यावरच, सकाळी १० नंतर, कडक ऊन असताना टाका. अर्धा ड्रम पहिल्या दिवशी, अर्धा दुसऱ्या दिवशी. ढेप टाकता त्या कोपऱ्यात जास्त शिंपडा. काळा थर तिथेच जाड असतो. दर ८-१० दिवसांनी, चार वेळा. ढगाळ दिवशी नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांखाली गेलं की जिवाणू सुस्तावतात, तेव्हा पैसे वाचवा.

चुना, ब्लीचिंग किंवा लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) टाकलं असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर जिवाणू जागीच मरतात.

एन्झाईमबद्दल माझं मत कोरडं आहे. ते जिवंत नसतात, वाढत नाहीत. प्रथिनं, पिठूळ, तेलकट पदार्थ तोडतात, अमोनिया काढत नाहीत. बॅसिलस स्वतःच ते तयार करतो. वेगळं विकत घ्यायचंच असेल तर सेल्युलेज (पाल्यातले तंतू तोडणारं एन्झाईम), तेही काठावरच्या मोहा-पळसाचा पाला पाण्यात पडून सडत असेल तर, वाळूत मिसळून तळाला बसेल असं. त्याआधी जाळीने पाला काढा, ते फुकट पडतं.

गाळ मुठीत घेऊन बघा. काळा, बुळबुळीत, वासाचा असेल तर तो जिवाणूंचं खाणं. करडा, चिकट, बिनवासाचा असेल तर बांधावरून वाहून आलेली काळी माती आहे. ती कुठलाही जिवाणू खात नाही, उन्हाळ्यात फावड्यानेच निघते. आणि शेजारच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाला हाच उपाय विचाराल तर नाही: दहा-वीस हेक्टरात पुडे ओतणं म्हणजे पैसे बुडवणं.

शेवटी अमोनियाची किट. मोजणी संध्याकाळी ५ वाजता करा, सकाळी नाही. हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) तेव्हा ९ पर्यंत चढतो आणि ३० अंशांना त्यातला ४० टक्क्यांहून जास्त अमोनिया विषारी रूपात असतो. सामू ७ असताना तो १ टक्क्याच्याही खाली असतो.