नर्सिंगला निघालेल्या मुलीला

बारावीनंतर नर्सिंगला जायचं ठरवलंयस, फार बरं वाटलं. एएनएम, म्हणजे सहायक नर्स आणि प्रसूतिसेविकेचा कोर्स, दोन वर्षांचा; जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि प्रसूतिसेवेचा डिप्लोमा, तीन; बीएस्सी नर्सिंगची पदवी चार. सायन्स झालंय आणि घरून झेपत असेल तर बीएस्सीच कर, पुढे शिकवायचीही वाट मोकळी राहते. फी भरण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः तपास. माझ्या मैत्रिणीची दोन वर्षं मान्यता नसलेल्या एका संस्थेत वाया गेली. नोंदणीच होईना, मग नोकरी कुठली?

सुरुवातीला बेड मेकिंग, स्पंजिंग (रुग्णाचं अंग ओल्या कपड्याने पुसणं) करताना वाटेल, हेच शिकायला आलो का? मन लावून कर. माझ्या पहिल्या वॉर्डात अर्धांगवायू झालेल्या एक आजी होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. महिनाभर पडून होत्या, पण पाठीला एक जखम झाली नाही. मला अजून त्याचं समाधान आहे.

नाडी पूर्ण 60 सेकंद मोज. पंधरा सेकंदच मोजून चारने गुणलंस, तर मधला चुकलेला ठोका निसटतो. आणि नाइट ड्यूटीआधी दुपारी झोपत जा, त्या दिवशी अभ्यास राहिला तरी चालेल.