आत्यांचे माहजोंगचे नियम कसे लिहून ठेवावेत?

तुमच्या आत्या लष्करी छावणीत असताना माहजोंग (चौघींनी टाइल्स म्हणजे चित्रांच्या सोंगट्यांनी खेळायचा चिनी खेळ) शिकल्या, अजून खेळतात, पण त्यांचे नियम कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाहीत. मग खरे कुठले धरायचे, असं तुम्ही विचारलंय. आत्यांचे. पुस्तक सध्या कपाटातच राहू द्या.

माझ्या सासूबाई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत शिकल्या. फौजी घरांतल्या बायकांमध्ये हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्या सांगत होत्या, मी लिहून घेत होते, आणि दर दोन वाक्यांनी "पण आई, पुस्तकात तर वेगळं आहे" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मग पुस्तकच वाच." पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या खास हातांपैकी (म्हणजे डाव जिंकून देणाऱ्या टाइल्सच्या ठरावीक जुळण्यांपैकी) सात मला आठवतात. बाकीचे गेले, याची हळहळ आजही वाटते.

म्हणून "नियम सांगा" असं विचारूच नका. खेळायला बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मुद्दाम चुका. डावीकडचीने टाकलेल्या टाइलवर चाऊ (एकाच गटातल्या लागोपाठच्या तीन टाइल्स) करता येतो. तुम्ही समोरचीच्या टाइलवर करून बघा. काँग (चार सारख्या टाइल्स) केल्यावर बदली टाइल रचलेल्या टाइल्सच्या भिंतीच्या भलत्याच टोकाची उचला. आत्या लगेच हात धरतील, आणि तेव्हा जे बोलतील तो तुमचा नियम.

खरा खजिना हिशेबात असतो. साध्या (२ ते ८ आकड्यांच्या) टाइल्सचा उघडा पंग, म्हणजे तीन सारख्या टाइल्स, २ गुण, झाकलेला ४, हे जुन्या पद्धतीत ठरलेलं असतं. घराघरात फरक पडतो तो डबल (गुण दुप्पट) कशाकशाला आणि लिमिट (एका हाताचे जास्तीत जास्त गुण) किती, यात. डाव संपला की हरलेल्या तिघी आपापसातही हिशेब चुकता करतात का, हे नक्की बघा. करत असतील तर तुमच्या घरचा खेळ जुन्या चिनी पद्धतीला धरून आहे. एका हातात एकच चाऊ चालत असेल तर त्यावर इंग्रजांची छाप आहे. जोकर आणि चालणाऱ्या हातांची यादी असलेलं, दरवर्षी बदलणारं कार्ड अमेरिकेतलं; कार्ड तिथल्या बायकांनी १९३७ साली लीग काढली तेव्हापासूनचं. हातात १३ऐवजी १६ टाइल्स धरतात ते तैवान नाहीतर फिलिपिन्सकडचं.

टाइल्स मोजून फोटो काढा. फुलं आणि ऋतूंच्या जादा टाइल्स धरून १४४ भरतात, त्यांच्याशिवाय १३६.

आणि घरातले शब्द जसेच्या तसे उतरवा. बांबू या गटाच्या एक्क्यावर पक्षी असतो, त्याला आमच्याकडे "चिमणी" म्हणत. पांढरा ड्रॅगन नावाच्या कोऱ्या टाइलला "साबणाची वडी". घरचे असे शब्द पुस्तकात सहसा मिळायचे नाहीत.

आत्या आणि त्यांच्या मैत्रिणीचं एखाद्या हातावर जमलं नाही, तर दोघींचं म्हणणं नावानिशी, तारखेसकट लिहा. वाद मिटवत बसू नका. खास हातांची जुनी चिठ्ठी डब्यात सापडली तर तिचा फोटो इथे टाका; माझ्या सातांशी ताडून बघते. कदाचित आठवा तुमच्याकडे असेल.