तांब्याच्या कळशीत जंतू मरतात, मग मिठी नदीत का मरत नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात, तर कारखान्यांचं धातूमिश्रित सांडपाणी पिणाऱ्या मिठीत ते सुखाने कसे जगतात? मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि असा प्रश्न वर्गात कुणी विचारला तर मला फार आनंद होतो.

पाण्यात एकूण धातू किती, यावर विषारीपणा ठरत नाही. सुटे आयन, म्हणजे धातूचे विद्युतभार असलेले मोकळे कण किती, यावर ठरतो. कळशीतल्या स्वच्छ पाण्यात तांबं अगदी थोडं उतरतं, पण ते सुटं असतं. ते पेशीत शिरून विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) लोह-गंधकाच्या जोडणीतून लोहाला हुसकावून लावतं. पारा आणि कॅडमियम प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून बसतात. क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं संयुग, तर दिसायला पेशीला लागणाऱ्या सल्फेटसारखं, त्यामुळे पेशी त्याला स्वतःच दार उघडून आत घेते. एकपेशीय जीवाला ना यकृत, ना मूत्रपिंड; जे सोसायचं ते त्या एका पेशीनेच.

तळ्याच्या पाण्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काचपट्टीच्या कडेने मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण सोडलं, की हे सगळं डोळ्यांना दिसतं. आधी तो दचकून मागे सरतो, दिशा बदलतो. मग पक्ष्माभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे अंगावरचे बारीक केस, मंदावतात, तो जागच्या जागी फिरू लागतो. शरीर फुगतं, आवरणावर फोड येतात आणि शेवटी पेशी फुटते.

आता मिठी. विहार-पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत जेमतेम 18 किलोमीटर, पण वाटेत तिच्यात केवढं मैलापाणी मिसळतं! त्यातले सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतात. तळाच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो, तिथे तयार होणारं सल्फाइड तांबं, शिसं, कॅडमियम यांना न विरघळणारं करून टाकतं. शिवाय नवे जंतू मैल्याबरोबर सतत येतच असतात.

आणि काही जंतू तयारीचे असतात. कुणाकडे धातू बाहेर फेकणारे पंप, तर कुणाकडे पाऱ्याच्या आयनांची वाफ करून उडवून देणारी जनुकं. ही जनुकं बऱ्याचदा अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जनुकांच्या शेजारी, एकाच प्लाझमिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात. म्हणजे पाण्यात औषधाचा थेंब नसला तरी निव्वळ धातूंच्या जाचामुळे औषधाला न जुमानणारे जंतू टिकतात आणि वाढतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. जंतू खाणारे पॅरामेशियमसारखे नाजूक जीव मात्र आधी बळी पडतात.

गाळाने धातू धरून ठेवले म्हणजे धोका टळला, असंही नाही. तोच गाळ उपसून उघड्यावर पसरला, की हवा लागून सल्फाइडचं रूप बदलतं आणि अडकलेले धातू पुन्हा सुटे होतात. म्हणून पावसाळ्याआधी नाल्याकाठी ओल्या गाळाचे ढीग दिसले, तर तो कुठे नेणार आणि त्यातले धातू तपासले का, हे वॉर्ड ऑफिसात जरूर विचारा. पहिल्या सरीबरोबर तो परत पाण्यात जातो, आणि तेव्हा त्यातले धातू सुटे झालेले असतात.