भाताच्या विषाणूत करिअर आहे का?

प्रिय विद्यार्थिनी,

बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि धान्यपिकांच्या विषाणूंमधल्या उत्परिवर्तनांनी तुला झपाटलंय. बाबांचं म्हणणं, विषाणूच शिकायचे तर माणसांचे शिक. तुझा प्रश्न वेगळा आहे: पुढे बायोइन्फर्मेटिक्स (संगणकावर जनुकीय माहिती तपासण्याचं शास्त्र) घेऊ की वनस्पती रोगशास्त्र?

वनस्पती रोगशास्त्र घे आणि बायोइन्फर्मेटिक्स त्याच्या जोडीने शिक. कारण सांगते. आफ्रिकेत भातावर राइस यलो मॉटल व्हायरस पडतो. पानांवर पिवळे ठिपके येतात, रोप खुजं राहतं, दाणे पोचट निघतात. काही मोजक्या जातींच्या एका प्रथिनात किंचित फरक असतो. त्यामुळे विषाणूच्या आरएनएच्या टोकाला जोडलेल्या व्हीपीजी या प्रथिनाला तिथे पकड मिळत नाही आणि रोप तगतं. पण हा पडला आरएनए विषाणू. स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका तो दुरुस्त करत नाही. अशाच एखाद्या चुकीने व्हीपीजीच्या 48व्या जागेवरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल बदललं, की त्या प्रतिकारक जातीवरही रोग येऊ शकतो. एका अमिनो आम्लाचा फरक! तुझं झपाटणं मला अगदी समजतं.

हा बदल संगणकावर दिसतो, पण त्याच्यासोबत इतरही कितीतरी बदल दिसतात. नेमका हाच कारणीभूत, हे ठरवायला तो विषाणूच्या क्लोनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतीत, मुद्दाम घालायचा, रोपांना त्याची लागण करायची. मग त्या पानांचा रस कार्बोरंडमची (पानाला बारीक ओरखडे पाडणारी) बारीक पूड भुरभुरलेल्या नव्या पानांवर हलक्या हाताने चोळायचा आणि रोज पानं बघत राहायचं. पायथन ही संगणकाची भाषा पुढेही शिकता येते. रोगट पान ओळखणारी नजर मात्र रोपांमध्ये वावरूनच येते.

बाबांना सांग, पीसीआर (जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) आणि सिक्वेन्सिंग (त्यातला क्रम वाचणं) माणसांच्या आणि पिकांच्या विषाणूंत तेच आहे. बियाणे कंपन्या, कृषी संशोधन संस्था, क्वारंटाइन आणि रोगनिदान प्रयोगशाळांना ही कामं येणारी माणसं लागतात. मात्र स्वतंत्र संशोधन करायचं तर पीएच.डी.ची तयारी ठेव.

सध्या जेनबँक या सार्वजनिक जनुकीय संग्रहावरून या विषाणूचे जनुकीय क्रम उतरवून घे, ते मोफत मिळतात. ते एकाखाली एक मांड आणि व्हीपीजीची 48वी जागा स्वतः शोध. एम.एस्सी.साठी विभाग निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना विचार: ग्रीनहाऊसमध्ये तुम्ही स्वतः काम करता का, आणि सिक्वेन्सिंगचा डेटा स्वतः तपासता की तयार रिपोर्ट हातात येतो? तयार रिपोर्टच येत असेल, तर दुसरा विभाग बघ.