ट्रेडमिलचे रिव्ह्यू वाचताना एवढं बघ

भावा, ट्रेडमिल घ्यायचं ठरवलंस ते चांगलंच केलंस, सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर बाहेर पळणं अवघडच. पण नुसते स्टार बघून ऑर्डर टाकू नको, नवीन लोक तिथंच फसतात.

आधी रिव्ह्यूची तारीख बघ. "कालच आली, पॅकिंग मस्त" म्हणून पाच स्टार देणाऱ्याकडनं मशीनचं काहीच कळत नाही, सहा महिने-वर्षभर वापरलेला माणूस शोध, पट्टा एका बाजूला सरकतो का, मोटर तापून वास येतो का, पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल किती दिवसांनी घालावं लागतं हे तोच सांगणार, आणि त्याचं वजन तुझ्याएवढं असेल तर फारच उत्तम. दोन-तीन स्टारवाले नक्की वाच, एकच तक्रार चारजण वेगवेगळ्या शब्दांत करत असतील तर ती खरी धर.

व्हिडिओखाली खरेदीची लिंक असेल तर बहुतेक वेळा व्हिडिओ करणाऱ्याला कमिशन असतं. नुसती पीक एचपी (मोटरची क्षणभराची कमाल ताकद) सांगून कंटिन्युअस एचपी (सतत चालताना टिकणारी ताकद) गाळणारा रिव्ह्यू सोडूनच दे.

आणि सर्विसचं पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूवर अजिबात जाऊ नको, कंपनीला फोन लावून आपला पिनकोड सांग आणि सोलापुरात माणूस कोण येणार, किती दिवसांत, ते विचार. इनक्लाइन (पट्ट्याचा चढ), ॲप हे नंतर बघू.